न्यायालयात किशोरवयीन मुलांची बाजू कोण मांडते? अमेरिकेतील ‘कासा’ स्वयंसेवकांची ओळख

आईवडिलांकडून मारहाण, अत्याचार किंवा गंभीर दुर्लक्ष होत असल्याचे आढळले, तर अमेरिकेत न्यायालयाच्या आदेशाने मुलाला घराबाहेर ठेवले जाते. ते मूल नातेवाइकांकडे, सरकारने परवाना दिलेल्या दुसऱ्या कुटुंबात किंवा एखाद्या संस्थेत राहते. या व्यवस्थेला तिथे फोस्टर केअर म्हणतात. दुसऱ्या कुटुंबात मूल सांभाळण्याच्या पद्धतीला आपल्याकडे शासकीय मराठीत प्रतिपालकत्व हा शब्द आहे. 2023 मध्ये अमेरिकेत तीन लाखांहून अधिक मुले फोस्टर केअरमध्ये होती.

मूल कुठे राहणार, कोणत्या शाळेत जाणार, भावंडांना कधी भेटणार, घरी परत जाणार की नाही, हे सारे सुनावण्यांमधून ठरते. न्यायाधीश, वकील आणि सरकारी समाजकार्यकर्ते यांच्याकडे एकाच वेळी अनेक मुलांची प्रकरणे असतात. त्यात समाजकार्यकर्ते बदलतात, मुलाचे घर बदलते, शाळा बदलते. अशा वेळी त्या एका मुलाला नीट ओळखणारा माणूस न्यायालयासमोर असावा, यासाठी स्वयंसेवकांची एक पद्धत तिथे उभी राहिली. ती काय आहे आणि किशोरवयीन मुलांसाठी ती कशी चालते, हे या लेखात आम्ही मांडत आहोत.

सुरुवात कशी झाली?

वॉशिंग्टन राज्यातील सिएटल शहरात डेव्हिड सूकप हे न्यायाधीश होते. अत्याचारग्रस्त मुलांबद्दल आयुष्यभराचे निर्णय द्यायचे आणि हातात माहिती मात्र अपुरी, ही त्यांची अडचण होती. 1974 च्या केंद्रीय कायद्याने अशा प्रकरणांत मुलासाठी स्वतंत्र प्रतिनिधी नेमण्याची अट राज्यांना घातली होती. प्रत्येक वेळी वकीलच नेमण्याऐवजी सामान्य नागरिकांना प्रशिक्षण देऊन हे काम द्यावे, असे सूकप यांना सुचले. 1977 मध्ये हा उपक्रम सुरू झाला. पुढे तो देशभर पसरला आणि 1982 मध्ये त्याची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. ‘कोर्ट अपॉइंटेड स्पेशल अ‍ॅडव्होकेट’, म्हणजे न्यायालयाने नेमलेला विशेष पाठीराखा, या नावाची आद्याक्षरे जोडून ‘कासा’ हा शब्द रूढ झाला.

स्वयंसेवक काय करतो?

हा स्वयंसेवक वकील नसतो. शिक्षक, निवृत्त कर्मचारी, दुकानदार, कोणीही असू शकतो. त्याची पार्श्वभूमी तपासली जाते आणि साधारण 30 तासांचे प्रशिक्षण होते. त्यानंतर तो न्यायालयासमोर गोपनीयतेची शपथ घेतो. एका वेळी त्याच्याकडे एखादेच मूल किंवा एकाच कुटुंबातील भावंडे असतात. प्रकरण संपेपर्यंत त्याने सोबत राहावे, अशी अपेक्षा असते.

तो मुलाला नियमित भेटतो. शिक्षक, डॉक्टर, सांभाळणारे कुटुंब, आईवडील आणि नातेवाईक यांच्याशी बोलतो. न्यायालयाच्या आदेशामुळे मुलाच्या नोंदी त्याला पाहता येतात. सुनावणीपूर्वी तो लेखी अहवाल देतो. ठरलेले समुपदेशन सुरू झाले का, शाळेचा दाखला नव्या शाळेत पोचला का, भावंडांची भेट का झाली नाही, हे त्या अहवालात असते. निर्णय न्यायाधीशच देतात, पण माहितीअभावी मूल विसरले जाऊ नये, ही जबाबदारी स्वयंसेवकाची असते.

किशोरवयात काम का बदलते?

चार वर्षांच्या मुलाला काय हवे, याचा अंदाज मोठ्यांना बांधावा लागतो. सोळा वर्षांची मुलगी ते स्वतः सांगू शकते. इथेच या कामाचा सर्वांत अवघड प्रश्न उभा राहतो. कासा स्वयंसेवकाने मुलाचे ‘सर्वोत्तम हित’ मांडायचे असते. पण मुलाचे हित आणि मुलाची इच्छा या दोन गोष्टी नेहमी एक नसतात. समजा, एखादी मुलगी म्हणते, मला आईकडेच जायचे आहे. स्वयंसेवकाला मात्र तिथे धोका दिसतो. अशा वेळी त्याने आपली शिफारस मांडावी, पण मुलीची इच्छा काय आहे तेही न्यायाधीशांना सांगावे, असा दंडक आहे. तिचे म्हणणे गाळून केवळ स्वतःचे मत पुढे करणे हा तिच्यावर अन्याय आहे.

2014 च्या केंद्रीय कायद्याने याला बळ दिले. 14 वर्षे पूर्ण केलेल्या मुलाला आपल्या आराखड्याच्या चर्चेत सामील करून घ्यावे लागते. त्या चर्चेत बसण्यासाठी तो स्वतःच्या विश्वासाच्या दोन व्यक्ती निवडू शकतो. चांगला स्वयंसेवक मुलाला हा हक्क समजावतो, सुनावणीत बोलण्याची तयारी करून घेतो आणि मूल बोलू लागले की स्वतः गप्प बसतो.

अठराव्या वर्षाची तयारी

दरवर्षी हजारो तरुण कायमचे कुटुंब न मिळताच या व्यवस्थेतून बाहेर पडतात. भाड्याचे घर, नोकरी, कॉलेज, आजारपण, सगळे एकदम अंगावर येते. त्यामुळे किशोरवयीन मुलाचा स्वयंसेवक काही ठोस गोष्टींचा पाठपुरावा करतो.

- कागदपत्रे: बाहेर पडताना जन्मदाखला, सोशल सिक्युरिटी कार्ड, ओळखपत्र, वैद्यकीय नोंदी आणि आपण फोस्टर केअरमध्ये होतो याचा अधिकृत पुरावा मिळणे हा त्या तरुणाचा हक्क आहे.
- आराखडा: व्यवस्था सोडण्यापूर्वीच्या 90 दिवसांत घर, शिक्षण, काम आणि आरोग्य यांचा आराखडा त्याच्या संमतीने तयार व्हावा लागतो.
- मुदतवाढ: 2008 च्या कायद्यामुळे राज्यांना 21 वर्षांपर्यंत आधार सुरू ठेवता येतो. त्यासाठी शिक्षण किंवा काम सुरू असण्यासारख्या अटी असतात.
- शिक्षण: पात्र तरुणांना उच्च शिक्षणासाठी वर्षाला 5000 डॉलरपर्यंत मदत मिळू शकते.
- आरोग्य: 18 व्या वर्षी फोस्टर केअरमध्ये असलेल्या तरुणांना 26 वर्षांपर्यंत सरकारी आरोग्य विमा मिळण्याची तरतूद आहे.
- फसवणूक: मुलाच्या नावावर कोणी कर्ज काढले नाही ना, हे पाहण्यासाठी 14 व्या वर्षापासून दरवर्षी त्याचा पत अहवाल मागवावा लागतो.

कागदावरचे हक्क विचारणारा कोणी नसेल तर ते कागदावरच राहतात. म्हणून आणखी एक शोध महत्त्वाचा ठरतो: या मुलाच्या आयुष्यात टिकून राहील असा मोठा माणूस कोण? मामा, जुने शिक्षक, खेळाचे प्रशिक्षक, कोणीही. प्रकरण संपल्यावर स्वयंसेवकाची नेमणूक संपते. ते नाते संपू नये.

मर्यादा आणि टीका

प्रत्येक मुलाला असा स्वयंसेवक मिळत नाही. टीकेचा दुसरा मुद्दा अधिक खोल आहे. अमेरिकेत कृष्णवर्णीय आणि मूलनिवासी मुलांचे फोस्टर केअरमधील प्रमाण त्यांच्या लोकसंख्येच्या तुलनेत जास्त आहे. मूलनिवासी मुले मोठ्या संख्येने त्यांच्या समाजापासून तोडली जात होती, म्हणून 1978 मध्ये स्वतंत्र कायदा करावा लागला. 2023 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला. सुस्थितीतील गोऱ्या स्वयंसेवकाने गरीब घरातील अभावालाच ‘दुर्लक्ष’ म्हटले, तर चांगल्या हेतूनेही कुटुंब तुटू शकते. आमच्या मते हा आक्षेप जात आणि वर्ग यांचा अनुभव असलेल्या आपल्या समाजाला लगेच समजेल. दुसऱ्याचे ‘भले’ ठरवण्याआधी त्याचे ऐकावे लागते.

आपल्याकडे काय आहे?

आपल्याकडे 2015 च्या बाल न्याय अधिनियमानुसार बाल कल्याण समिती असे निर्णय घेते. प्रत्येक मुलासाठी वैयक्तिक आराखडा अपेक्षित आहे. कलम 46 प्रमाणे 18 वर्षांनंतर संस्था सोडणाऱ्यांना साहाय्य देता येते. अनुरक्षणाची सोय 21 आणि अपवादात्मक परिस्थितीत 23 वर्षांपर्यंत आहे. पोक्सोच्या प्रकरणांत मुलाला सोबत करणाऱ्या ‘सहायक व्यक्ती’ची तरतूद कासाच्या कामाला सर्वांत जवळची आहे. महाराष्ट्रात अनाथांसाठी शिक्षण व नोकरीत एक टक्का आरक्षण आहे, पण त्यासाठी अनाथ प्रमाणपत्र हाती हवे.

आपले अनेक कार्यकर्ते जयंतीला बालगृहात खाऊ वाटतात आणि फोटो टाकतात. मुलाची ओळख उघड होईल असे छायाचित्र, नाव किंवा शाळा प्रसिद्ध करण्यास कलम 74 मनाई करते, हे लक्षात ठेवावे. त्याऐवजी जिल्हा बाल संरक्षण कक्षात जाऊन रीतसर परवानगीने काय काम करता येईल, हे विचारावे. सतरा वर्षांच्या मुलाचे प्रमाणपत्र, बँक खाते आणि पुढचा प्रवेश यांचा वर्षभर पाठपुरावा करणारा एक कार्यकर्ता त्याच्यासाठी एका दिवसाच्या कार्यक्रमापेक्षा कितीतरी मोलाचा असतो.