उचल, करार आणि गुन्हा

करार कशाने होतो, ते मागच्या वेळी पाहिलं. आज करार मोडला तर काय होतं, ते पाहू.

आपण खांडबाऱ्यात बसलो आहोत, तेव्हा उदाहरण इथलंच घेऊ. नवापूर-नंदुरबार भागातली माणसं ऊसतोडीला गुजरातेत जातात. जाण्याआधी मुकादमाकडून उचल घेतात. समजा, उचल घेतली आणि मजूर गेला नाही किंवा मधेच परतला. तो गुन्हेगार का?

आज याचं उत्तर 'नाही' असं आहे. पण ते पहिल्यापासून तसं नव्हतं.

१८५९ साली इंग्रज सरकारने कामगार करारभंग कायदा केला. आगाऊ पैसे घेऊन काम न करणाऱ्याला मॅजिस्ट्रेट हुकूम देई : पैसे परत कर, नाहीतर काम कर. ऐकलं नाही तर तीन महिन्यांपर्यंत सक्तमजुरी. तो आधी मुंबई, मद्रास, कलकत्ता या शहरांसाठी होता. सरकारला इतरत्रही लागू करता येई. पुढे १८७२ चा भारतीय करार कायदा आला. करार मोडणाऱ्याने नुकसानभरपाई द्यावी, हे त्याचं तत्त्व. म्हणजे बघा, व्यापाऱ्याने सौदा मोडला तर भरपाई आणि मजुराने शब्द मोडला तर तुरुंग! १८५९ चा तो कायदा रद्द करणारा कायदा व्हायला १९२५ साल उजाडलं.

कायदा गेला, पण कर्ज राहिलं. खानदेशात आखाजीला सालदार ठरे. घेतलेले पैसे फिटले नाहीत की पुढचं सालही त्याच मालकाकडे. शेजारच्या शहाद्यात अंबरसिंग सुरतवंती आणि १९७२ पासून श्रमिक संघटना यांनी आदिवासींच्या जमिनी आणि सालदारांची मजुरी हे प्रश्न लावून धरले. राज्यघटनेच्या कलम २३ ने वेठबिगारीला आधीच मनाई केली होती. १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने पुढचं पाऊल टाकलं : वेठीचं कर्ज संपलं, तसा करार रद्दबातल, आणि वेठीला धरणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद व दोन हजार रुपयांपर्यंत दंड.

गुन्ह्याची बाजू इथे उलटली. पूर्वी काम सोडणारा तुरुंगात जाई. आता कर्जापोटी काम करायला भाग पाडणारा जातो. १९८२ साली सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक गोष्ट सांगितली : किमान वेतनापेक्षा कमी पैशांत राबवणं हीसुद्धा वेठच.

मग मुकादमाचे पैसे बुडाले का? नाही. साधी, वैध उचल असेल तर त्याने दिवाणी कोर्टात दावा लावावा. पैसे घेतानाच फसवायचा इरादा होता, असं सिद्ध झालं तर मात्र फसवणुकीचा गुन्हा होतो. नुसतं काम न करणं म्हणजे फसवणूक नव्हे. आणि उचल वसूल करायला कुणाला कोंडून ठेवलं, तर गुन्हा कोंडणाऱ्याचा.

एवढं लक्षात ठेवा : उचल हे देणं आहे, माणूस गहाण नाही. आता प्रश्न विचारा.