साखर आईची, इन्सुलिन बाळाचं

गेल्या शनिवारी ताईचा फोन आला. सातवा महिना चालू आहे आणि तपासणीत साखर वाढलेली निघाली. पाठोपाठ आईचा फोन: "गोड कमी खा म्हणून किती वेळा सांगितलं तिला!" ताई अगदी रडकुंडीला आलेली. आमचं डोकं पडलं इंजिनिअरचं, बग नेमका कुठे आहे ते कळल्याशिवाय चैन पडत नाही. मग काय, सगळा वीकएंड या विषयाच्या इतिहासात गेला.

तर गोष्ट सुरू होते टोरांटोत. १९२१ साली बँटिंग आणि बेस्ट यांनी इन्सुलिन वेगळं काढलं, आणि १९२२ च्या जानेवारीत ते पहिल्यांदा पेशंटला टोचलं गेलं. त्याआधी मधुमेही बाईला दिवस जाणंच दुर्मिळ; गेलेच तर दोघांच्याही जिवाला घोर. इन्सुलिन आल्यावर आया वाचू लागल्या. बाळं मात्र पुढे कित्येक वर्षं दगावत राहिली. जी जगायची ती पुष्कळदा भलीमोठी असायची, आणि जन्मल्यावर काही तासांत त्यांची साखर धाडकन खाली यायची. आईची साखर जास्त आणि बाळाची कमी? हे काय लॉजिक?

हे कोडं उलगडलं कोपनहेगनच्या योर्गेन पेडरसन यांनी, १९५२ च्या सुमारास. वार, म्हणजे प्लॅसेंटा, आईची साखर बाळाकडे जाऊ देते, पण आईचं इन्सुलिन मात्र अडवते. मग जास्तीची साखर आवरायला बाळाचं स्वादुपिंड स्वतःच भरपूर इन्सुलिन बनवतं. आणि गर्भात इन्सुलिन वाढीच्या हार्मोनचंच काम करतं, त्यामुळे चरबी साठते, वजन वाढतं. जन्मल्यावर नाळ कापली की साखरेचा पुरवठा एकदम बंद, पण इन्सुलिन अजून रक्तात आहेच. म्हणून साखर घसरते.

पण मुळात आईची साखर वाढते का? १९६२ मध्ये अमेरिकेत जोसिमोविच आणि मॅक्लारेन यांनी वारेतच बनणारा एक हार्मोन शोधला: प्लॅसेंटल लॅक्टोजेन. हा आणि त्याचे भाऊबंद आईच्या इन्सुलिनचा जोर कमी करतात, म्हणजे बाळासाठी जास्त साखर उरते. बहुतेक आयांचं शरीर जादा इन्सुलिन बनवून हे निभावून नेतं. ज्यांना तेवढं जमत नाही, त्यांची साखर वाढते. म्हणजे बघा, बग नव्हेच, फीचर आहे. फक्त लोड जास्त झालाय!

यात आपल्या पुण्याचंही नाव आहे. केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांच्या टीमने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर बायकांचा अभ्यास केला. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. पण आपल्या हडकुळ्या बाळांची चरबी त्या मानाने फारशी कमी नव्हती. २००२ च्या दुसऱ्या एका अभ्यासात तर पुण्याच्या बाळांच्या नाळेच्या रक्तात लंडनच्या बाळांपेक्षा जास्त इन्सुलिन सापडलं. म्हणजे वजनकाट्यावर बाळ लहान दिसलं म्हणून निर्धास्त होण्यात अर्थ नाही.

रविवारी रात्री हे सगळं आईला समजावलं. ती जरा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे तिचा दोष नाही तर." नाही. पथ्य पाळायचं, चालायचं, डॉक्टर म्हणाले तर इन्सुलिनही घ्यायचं. पण गुन्हेगारासारखं नाही.

असो. ताईला फोन आईनेच केला.