हंगामाचे घर, पगाराचे घर

भिलाईचा इतिहास सांगताना आपण नेहमी भट्टीपासून आरंभ करतो. 2 फेब्रुवारी 1955 चा सोव्हिएत संघाशी झालेला करार, 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते झालेले पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन, दहा लाख टनांची मूळ क्षमता, हे सारे पुष्कळांच्या तोंडी असते. आम्ही येथे भट्टीकडून घराकडे वळणार आहोत. धानाच्या हंगामावर चालणारे घर महिन्याच्या पगारावर चालू लागले म्हणजे त्याच्या आत काय घडते, एवढाच आमचा विषय.

कारखाना उभा राहिला तो दुर्ग जिल्ह्यातील शेतांवर; पण आसपासचे शेतकरी आरंभी तेथे नोकरीस जाण्यास बिचकत. भट्टीस नरबळी लागतो, अशी वदंता गावोगाव होती. (तिला हसण्याचे आम्हांस कारण नाही, पुलाच्या पायात बळी देतात, ही समजूत महाराष्ट्रातही जुनीच.) भय ओसरेपर्यंत बाहेरून आलेल्यांनी पुष्कळ जागा भरल्या होत्या. विदर्भातून आलेली आमची कुटुंबेही त्यांत होती. 1956 पर्यंत दुर्गचा कारभार नागपूर राजधानीतूनच चाले. त्यामुळे मुलूख फारसा परका वाटला नाही.

यथावकाश छत्तीसगढी तरुणही कारखान्यात शिरले. शेतकऱ्याचा जीव यंत्राच्या शिस्तीत गुदमरतो, असे ग्रंथांतून वाचावयास मिळते. 1990 च्या दशकापासून येथे अभ्यास केलेले मानववंशशास्त्रज्ञ जोनाथन पॅरी यांना मात्र उलटेच ऐकू आले: भट्टीचा ताप कबूल, पण पाळीत विसावा असतो, चहा आणि गप्पा होतात, त्यापुढे चिखलातले निंदणच कंटाळवाणे. पगारदाराच्या मुलाने मग शेतात उतरण्याचे नाव काढले नाही.

खरा पालट घरात झाला. कोठीतले धान वडिलांच्या स्वाधीन असे. पगार मुलाच्या नावे येऊ लागला आणि लग्न, घरबांधणी, शाळा यांचा निर्णयही हळूहळू त्याच्याकडे गेला. कायम नोकराची पत्नी शेतमजुरीस जाईनाशी झाली. तिला विसावा लाभला, प्रतिष्ठाही लाभली. परंतु तिच्या हातची स्वतःची मजुरी गेली, हे फारसे कोणी लिहून ठेवीत नाही. त्या समाजातील अनेक जातींत काडीमोड आणि बांगड्या भरून पुनर्विवाह ही सहज गोष्ट होती. कायम नोकरांच्या घरांतून ती लाजिरवाणी ठरू लागली, हे पॅरी यांचे निरीक्षण आम्हांस महत्त्वाचे वाटते.

आमच्या घरांची कथा निराळी, तरी नात्यातली. गावाकडे मनीऑर्डर जाई. तिच्यातून बहिणींची लग्ने झाली, विहिरी बांधल्या गेल्या. पुढे वाटणीची वेळ आली, तेव्हा पैसे पाठविणारा भाऊ आणि नांगर धरणारा भाऊ यांचे हिशेब जुळेनात. किती घरांत बोलणे थांबले, ते ज्याचे त्याला ठाऊक.

पावर हाउसच्या रुळांच्या एका अंगास सेक्टर आहेत. दुसऱ्या अंगास कॅम्प आणि खाजगी कारखान्यांची वस्ती. तिकडे ठेकेदारी मजूर, आणि घरच्या बाईला विसावा नव्हे तर रेजाचे काम. गाव सुटला, पगार मात्र जडला नाही. याच कामगारांना संघटित करणारे शंकर गुहा नियोगी यांची 28 सप्टेंबर 1991 रोजी भिलाईत हत्या झाली. 1 जुलै 1992 रोजी पावर हाउस स्थानकाच्या रुळांवर बसलेल्या कामगारांवर पोलिसांनी गोळीबार केला. अनेक जण मृत्युमुखी पडले. त्यांच्या मागण्यांत कायम नोकरी आणि जगण्यापुरते वेतन होते, म्हणजे सेक्टरमधील घरांना जे पूर्वीच मिळाले होते तेच. आमच्या कार्यक्रमपत्रिकांतून या दिवसाचा उल्लेख आढळत नाही. येथे तो नोंदवून ठेवीत आहोत.

1980 च्या दशकात साठ हजारांपलीकडे गेलेली कारखान्याची नोकरसंख्या पुढे निम्म्याहूनही खाली आली. निवृत्त कामगाराच्या मुलास वडिलांची जागा मिळेलच असे राहिले नाही, आणि शेतीचे काम त्याने शिकलेले नाही. आमची मुले पुण्यास, हैदराबादेस गेली. शेजारच्या गावातील मुलगा अनेकदा त्याच कारखान्यात ठेकेदाराच्या हजेरीपटावर जातो. त्याच्या गावी पोऱ्याला आणि आमच्या नागपुराकडे तान्ह्या पोळ्याला मुले खेळण्यातले बैल घेऊन निघतात, तिकडे मातीचे, इकडे लाकडी. ज्या घरांतून ती निघतात, त्यांतील पुष्कळ घरांत आज गोठा उरलेला नाही.