पाण्याच्या वाटेतला बुडबुडा

१८८८ सालच्या ऑगस्ट महिन्यात बर्था बेंझ आपल्या दोन मुलांना घेऊन जर्मनीतल्या मॅनहाइमहून फोर्झहाइमला निघाल्या. त्यांचे पती कार्ल बेंझ यांनी बनवलेली तीनचाकी मोटार त्यांनी त्यांना न सांगताच बाहेर काढली होती. सुमारे १०५ किलोमीटरच्या या प्रवासात इंधन घेतले ते औषधांच्या दुकानातून. पाणी मात्र पुन्हा पुन्हा भरावे लागले. इंजिनाभोवतीचे पाणी उकळे, त्याची वाफ उष्णता घेऊन हवेत निघून जाई आणि टाकी रिकामी होई.

इंजिनाला पाणी हवेच कशाला? पेट्रोल जळून मिळणाऱ्या उष्णतेचा लहानसा भागच चाके फिरवायला उपयोगी पडतो. बरीचशी उष्णता धुराबरोबर जाते, पण मोठा वाटा इंजिनाच्या धातूत शिरतो. ती काढून घेतली नाही, तर धातू वाकतो, पिस्टन अडकतो. हे काम पाणी फार चांगले करते. एक किलो पाणी एक अंश सेल्सिअसने तापायला सुमारे ४.२ किलोज्यूल उष्णता लागते, हवेला सुमारे १. शिवाय एक लिटर पाणी एक लिटर हवेपेक्षा सुमारे ८०० पट जड असते. म्हणजे तेवढ्याच जागेतले पाणी हवेच्या ३,००० पटींहून अधिक उष्णता वाहून नेते. म्हणूनच पाण्याच्या जागी हवा शिरली, की घात होतो.

वाफ घालवण्याऐवजी तेच पाणी थंड करून पुन्हा वापरता येईल का? विल्हेल्म मायबाख यांनी १९००-०१ मध्ये पहिल्या मर्सिडीज गाडीसाठी मधमाश्यांच्या पोळ्यासारखा रेडिएटर बनवला. त्यात ८,०७० बारीक चौकोनी नळ्या होत्या. नळ्यांतून वारा वाहे आणि त्यांच्यामधल्या फटींतून पाणी. पृष्ठभाग वाढल्यामुळे थोडे पाणीही पुरू लागले.

१९०८ मध्ये आलेल्या फोर्डच्या ‘मॉडेल टी’मध्ये, सुरुवातीच्या सुमारे २,५०० गाड्या सोडल्यास, पाण्याचा पंपच नव्हता. तापलेले पाणी हलके होऊन वर चढे, रेडिएटरमध्ये निवून खाली उतरे. युक्ती साधी, पण पाण्याची पातळी वरच्या नळीच्या खाली गेली, की साखळी तुटे आणि फिरणे थांबे.

आता एका जुन्या व्हॅनकडे वळूया. फोक्सवॅगनची ‘ट्रान्सपोर्टर’ १९५० पासून हवेने थंड होणाऱ्या इंजिनावर चाले. तिच्या तिसऱ्या पिढीत, १९८२ मध्ये, पेट्रोल इंजिनही पाण्यावर आले. इंजिन राहिले मागे आणि रेडिएटर गेला पुढे. मध्ये लांब नळ्या आणि त्यांत एकूण सुमारे १७ लिटर पाणी. अशा वाटेत हवा अडकायला जागा भरपूर.

हवा अडकली, की पंपाची पाती तिला नुसती घुसळतात, पुढे ढकलू शकत नाहीत. बुडबुडा इंजिनाच्या डोक्यापाशी थांबला, तर तिथला धातू कोरडा तापतो. तापमान मोजणारे टोकही हवेत राहिले, तर काटा खालीच दिसू शकतो आणि चालक निर्धास्त राहतो!

म्हणून अशा गाडीचे पाणी बदलताना दोन कामे नीट करावी लागतात. पहिले धुण्याचे. इंजिन थंड असताना जुने पाणी काढायचे, हीटरची वाट उघडी ठेवून स्वच्छ पाणी फिरवायचे आणि निवल्यावर तेही काढायचे. गढूळपणा जाईपर्यंत हे चालते. मग ऊर्ध्वपातित पाणी आणि कूलंट भरायचे. विहिरीचे जड पाणी भरले, तर चहाच्या भांड्यात बसतो तसा क्षारांचा थर आतही बसतो. कूलंटमधले ग्लायकॉल विषारी असते, म्हणून काढलेले पाणी गुराढोरांच्या वाटेत ओतू नये.

दुसरे काम हवा काढण्याचे. व्हॅनचे नाक वर उचलतात, म्हणजे हवा रेडिएटरच्या माथ्याशी जमते. तिथला छोटा स्क्रू सैल करतात. इंजिन मिनिटाला सुमारे २,००० फेऱ्यांवर चालवत मागच्या टाकीत कूलंट ओतत राहतात. आधी फुसफुसत हवा येते, मग फेसाळ पाणी, शेवटी अखंड धार. मग स्क्रू आवळायचा. तापलेल्या टाकीचे झाकण मात्र कधीही उघडू नये. दाबाखालचे पाणी १०० अंशांच्या वरही द्रवरूप असते. झाकण निघताच ते उसळून बाहेर येते आणि भाजते.

हे वर्गातही दाखवता येईल. गवंडी समपातळी पाहायला वापरतात तशी पारदर्शक नळी घ्या. दोन्ही टोके वर धरा आणि मधल्या भागाला उंचवटा देऊन तिथे हवा अडकू द्या. एका टोकातून थोडे पाणी ओता. दोन्ही टोकांना पातळी सारखी येते का? आता उंचवटा मोडा, एक टोक उंच करून बुडबुडा बाहेर जाऊ द्या आणि पुन्हा पाहा. व्हॅनचे नाक का उचलतात, ते मुलेच सांगतील.