बंडाचा पोशाख

सत्तेविरुद्ध उभ्या राहणाऱ्या माणसाने अंगावर काय घालावे, या प्रश्नाकडे इतिहासकारांनी सहसा गांभीर्याने पाहिलेले नाही. ठराव, तारखा, शिक्षा यांच्या नोंदी होतात. कापडाची होत नाही. हल्ली ज्यांना जग ‘हॅकर’ म्हणून ओळखते, त्या संगणकवीरांच्या काळ्या हुडी आणि हसरे मुखवटे पाहून आमच्या पिढीतील पुष्कळजण हा निव्वळ पोरखेळ ठरवून मोकळे होतात. आम्हांला तसे म्हणवत नाही. ज्या जबलपुरात नोकरीनिमित्त आम्हां मराठी मंडळींच्या दोन-दोन पिढ्या गेल्या, त्या शहराचे नाव स्वातंत्र्याच्या इतिहासात प्रथम गाजले ते एका कापडाच्या तुकड्यावरूनच.

१९२२ साली काँग्रेसची एक चौकशी समिती येथे आली असता तिच्या सन्मानार्थ टाऊन हॉलवर चरख्याचा झेंडा लागला. त्याचे पडसाद थेट विलायतेच्या पार्लमेंटात उमटले. पुढील वर्षी पुन्हा तसाच प्रसंग आला, तेव्हा येथील डेप्युटी कमिशनरने अट घातली की, शेजारी युनियन जॅकही लागला पाहिजे. ही अट कोणी मान्य करणे शक्यच नव्हते. १८ मार्च १९२३ रोजी, गांधीजींच्या शिक्षेस बरोबर एक वर्ष झाले त्या दिवशी, पंडित सुंदरलाल यांच्या नेतृत्वाखाली मिरवणूक निघाली. सुभद्राकुमारी चौहान आणि त्यांचे पती लक्ष्मणसिंह हेही तीत होते. झेंडा चढला, पोलिसांनी तो उतरवून पायदळी तुडवला. ही ठिणगी मग नागपुरास गेली. तेथे १ मेपासून १८ ऑगस्टपर्यंत झेंडा सत्याग्रह चालला, जमनालाल बजाज तुरुंगात गेले, वल्लभभाईंनी धुरा घेतली, आणि दीड हजारांहून अधिक माणसे या एका कापडासाठी कारावासात गेली. पांढरा, हिरवा व तांबडा अशा तीन पट्ट्या आणि वर चरखा, एवढेच ते कापड! पण सरकारने त्यास मना केले नसते, तर त्याची किंमत दोन-चार आण्यांहून अधिक झाली असती काय, याविषयी आम्हांला शंका आहे. कचेरीत बसून मनाई-हुकूम लिहिणाऱ्यांनी, आणि त्यांत आपले पूर्वजही होते, विचार करण्यासारखी ही गोष्ट आहे.

कापड आणि निष्ठा यांची ही सांगड गांधीजींच्याही पूर्वीची, आणि ती घालणारा गृहस्थ मराठी होता. पुण्याच्या सार्वजनिक सभेचे गणेश वासुदेव जोशी, म्हणजे ‘सार्वजनिक काका’, १८७७ च्या दिल्ली दरबारास हातच्या सुताच्या जाड्याभरड्या पोशाखात गेले. राजेरजवाड्यांच्या जरतारी गर्दीत तो पोशाख काय बोलत असेल, ते सांगावयास नकोच.

गांधीजींनी या पोशाखास शिस्त दिली. बेळगावास डिसेंबर १९२४ मध्ये भरलेले अधिवेशन त्यांच्या अध्यक्षतेखालचे एकमेव. तेथे असे ठरले की, सभासदाने वर्गणी म्हणून दरमहा दोन हजार वार सूत द्यावे आणि काँग्रेसच्या कामी खादीच वापरावी. वर्ष संपायच्या आतच हा नियम सैल करावा लागला, कारण सूत काढणारे थोडे आणि भाषणे करणारे फार! तरी त्यामागची कल्पना मोठी होती: या वेषाचा अधिकार विकत मिळत नाही, हाताने काम करून मिळवावा लागतो. संगणकाच्या जगातील जुन्या हॅकरांचा दंडकही याहून वेगळा नव्हता. पदवी, वय, कपडे यांवरून माणूस जोखू नये, त्याने लिहिलेली आज्ञावली पाहावी, असे ते म्हणत. म्हणून चुरगळलेला सदरा आणि वाढलेली दाढी हे त्यांच्यात अप्रतिष्ठेचे लक्षण नव्हते. त्यांच्याकडेही एक वस्त्र झेंड्यासारखेच गाजले. गुप्तलेखनाची आज्ञावली परदेशी पाठविणे अमेरिकन कायद्याने शस्त्रास्त्रांच्या निर्यातीइतकेच निषिद्ध होते. १९९५ च्या सुमारास काही मंडळींनी तीच आज्ञावली, अवघ्या काही ओळींची, टी-शर्टवर छापली. असा सदरा घालून विमानात बसणारा मनुष्य शस्त्रे नेतो आहे की कापड, हे सांगण्याची जबाबदारी त्यांनी सरकारवर टाकली. टाऊन हॉलवरील झेंड्याने येथील डेप्युटी कमिशनरला ज्या पेचात धरले, तोच हा पेच.

साधेपणाचाही एक दिमाख असतो, हे मात्र विसरू नये. सुभद्राकुमारींविषयी एक आठवण सांगितली जाते. तरुण वयात त्या बिनकाठाची पांढरी खादी नेसून, ना कुंकू ना बांगड्या, अशा गांधीजींस भेटल्या. गांधीजींनी विचारले, तुझे लग्न झाले आहे ना? झाले आहे म्हणताच, उद्या काठाची साडी नेसून ये, असे त्यांनी बजावले. हा प्रसंग आम्हांला फार बोलका वाटतो. अनुयायी नेहमी गुरूपेक्षा एक पाऊल पुढे जातात, आणि मग गुरूलाच त्यांना आवरावे लागते.

खादीच्या पोशाखातील सर्वांत ठसठशीत वस्तू म्हणजे टोपी. काश्मिरी टोपीवरून आपल्याला ती सुचली, असे गांधीजींनी काका कालेलकरांना सांगितले होते. स्वस्त, धुण्यास सोपी, घडी करून खिशात राहणारी. १९३० साली गुंटूर जिल्ह्यात तिच्यावर बंदी आली. सोलापुरात मार्शल लॉ असताना ती डोक्यावर दिसली की शिपाई उतरवावयास लावीत. ही टोपी घालणारा आपला चेहरा उघडा ठेवून ‘मला धरा’ म्हणत असे. आजच्या हॅकरांचा मुखवटा नेमके उलट सांगतो. १६०५ च्या स्फोटाच्या कटातील गाय फॉक्सचा तो चेहरा डेव्हिड लॉईड या चित्रकाराने एका चित्रकथेसाठी रेखाटला, २००६ च्या चित्रपटाने जगभर नेला, आणि २००८ पासून ‘ॲनॉनिमस’ या निनावी गटाने उचलला. ९ जून २०१२ रोजी इंटरनेटवरील निर्बंधांविरुद्ध मुंबईतही तो रस्त्यावर दिसला. पाळत ठेवणाऱ्या यंत्रांच्या युगात चेहरा झाकणे हेही धैर्य असू शकते, हे आम्ही मान्य करतो. पण त्या मुखवट्याच्या हक्कांचा पैसा एका बड्या चित्रपट कंपनीच्या खिशात जातो, ही गोष्ट मनाला खटकते. खादीचा पैसा कोठे जातो, हा प्रश्न तरी गांधीजींनी आधी विचारला होता.

जुलै १९३७ मध्ये डॉ. ना. भा. खरे मध्यप्रांताचे मुख्यमंत्री झाले, आणि काल ज्या वेषाकडे संशयाने पाहावयाचे, त्यास आज सलाम करावयाचा, अशी पाळी कचेऱ्यांवर आली. मार्च १९३९ मध्ये जबलपूरशेजारी त्रिपुरी येथे अधिवेशन भरले, तोवर साधेपणाबरोबर वैभवही आले होते: बावन्नावे अधिवेशन म्हणून अध्यक्षांच्या मिरवणुकीस बावन्न हत्ती. रथात होती ती मात्र सुभाषबाबूंची तसबीर. ते स्वतः तापाने फणफणत होते. १९२८ च्या कलकत्ता अधिवेशनात याच सुभाषबाबूंनी लष्करी गणवेष चढवून स्वयंसेवकांचे संचलन केले होते, आणि गांधीजींना त्यात सर्कस दिसली होती. खादी आणि गणवेष यांचा तो झगडा त्रिपुरीस मतभेदाच्या रूपाने उघडा पडला. २९ एप्रिलला सुभाषबाबूंनी राजीनामा दिला.

पुढे टोपी मंत्र्यांची झाली, मग थट्टेचा विषय झाली. महाराष्ट्राच्या खेड्यांत शेतकऱ्याने आणि मुंबईत डबेवाल्याने ती राजकारणाशी काही देणेघेणे न ठेवता टिकविली. २०११ मध्ये राळेगणसिद्धीच्या अण्णा हजारे यांच्या उपोषणात तिच्यावर ‘मी अण्णा’ ही अक्षरे उमटली आणि काही महिने शहरी तरुणांच्या डोक्यावर ती पुन्हा दिसली.

झेंड्याचे कापड मात्र बराच काळ कायद्याने बांधलेले राहिले. २००२ च्या ध्वजसंहितेप्रमाणे ते हातचे सुत आणि हातचे विणकाम यांचेच असावे लागे. नांदेडची मराठवाडा खादी ग्रामोद्योग समिती आणि हुबळीजवळचे बेंगेरी येथील केंद्र यांचे कारागीर त्यावर पोट भरीत. ३० डिसेंबर २०२१ रोजी संहितेत दुरुस्ती झाली, आणि यंत्रावर विणलेले व पॉलिएस्टरचेही कापड आता चालते. बेंगेरीच्या कारागिरांनी २०२२ मध्ये त्याविरुद्ध निदर्शने केली.