पाऊस, फॉलोऑन आणि मर्यादित षटके

कसोटी आणि मर्यादित षटकांचे क्रिकेट यांतील मूळ भेद वेळेच्या हिशेबात आहे. १९७१ सालच्या दोन पावसांतून तो स्पष्ट दिसतो. मेलबर्नची ॲशेस कसोटी पावसात वाहून गेली, म्हणून ५ जानेवारीला तेथे आठ चेंडूंच्या ४० षटकांचा सामना खेळवण्यात आला. तोच पहिला आंतरराष्ट्रीय एकदिवसीय सामना ठरला.

पुढच्याच महिन्यात किंग्स्टन कसोटीचा पहिला दिवस पावसाने गिळला. वेस्ट इंडिजविरुद्ध भारताची अवस्था ५ बाद ७५ असताना मडगावात जन्मलेल्या दिलीप सरदेसाई यांनी एकनाथ सोलकर यांच्यासह सहाव्या गड्यासाठी १३७ धावा जोडल्या आणि स्वतः २१२ केल्या. भारत ३८७, यजमान २१७. पाच दिवसांच्या कसोटीत फॉलोऑनसाठी २०० धावांची आघाडी लागते. पहिला दिवस बुडाल्याने ती मर्यादा १५० वर आली. १७० धावांनी पुढे असलेल्या अजित वाडेकर यांनी प्रतिस्पर्ध्यांना पुन्हा फलंदाजीस पाठवले. वेस्ट इंडिजवर फॉलोऑन लादण्याची भारताची ती पहिलीच वेळ. सामना अनिर्णित राहिला. मालिका मात्र भारताने १-० अशी जिंकली.

ट्वेंटी-२० मध्ये संघाला १२० चेंडू मिळतात. दुसरा डाव नाही, म्हणून फॉलोऑनही नाही. ५ बाद ७५ नंतर डाव सावरावा म्हटले, तर षटकेच संपत आलेली असतात. पाऊस आला की डकवर्थ-लुईस-स्टर्न पद्धतीने लक्ष्य बदलते, आणि दोन्ही संघांना पाच-पाच षटके मिळाली तरी निकाल लागतो.