घरच्या जळणासाठी चेनसॉ घेताय? सीसी बघण्याआधी हे बघा

पावसाळा तोंडावर आला की सरपण भरून ठेवायची घाई सुरू होते. घरोघरी गॅस आला असला तरी पाण्याचा बंब, परड्यातली चूल आणि लग्नकार्याचा स्वयंपाक यांना जळण लागतंच. कुऱ्हाडीने ओंडके फोडणारा माणूस आता सहज मिळत नाही. त्यामुळे अनेक शेतकरी चेनसॉ, म्हणजे साखळीची लाकूड कापायची मशीन घ्यायचा विचार करतात.

दुकानात गेलं किंवा मोबाईलवर शोधलं की पहिला आकडा समोर येतो तो सीसीचा. 52 सीसी, 58 सीसी, 22 इंची बार. मोठा आकडा आणि कमी किंमत बघून माणूस भुलतो. पण घरच्या जळणाला एवढी मोठी मशीन लागत नाही. उलट ती जड असते आणि नवख्याच्या हातात जास्त धोक्याची ठरते.

आधी स्वतःला दोन प्रश्न विचारा

पहिला, वर्षाला जळण किती लागतं? एखादी ट्रॉली पुरत असेल तर मशीनच घ्यायला हवी असं नाही. गावातल्या मशीनवाल्याला तासावर किंवा दिवसावर बोलवा, किंवा भावकीत दोन-तीन घरांनी मिळून एक मशीन घ्या. वर्षातले अकरा महिने पडून राहिलेली पेट्रोल मशीन बाराव्या महिन्यात चालू व्हायला त्रास देते.

दुसरा, लाकूड किती जाड आहे? सुबाभूळ, निलगिरी, बाभूळ, कडुनिंब यांच्या जळणाच्या फांद्या बहुतेक 4 ते 10 इंच जाडीच्या असतात. ज्या पट्टीवरून साखळी फिरते तिला बार म्हणतात. बार लाकडाच्या जाडीपेक्षा दोनेक इंच लांब असला की झालं. म्हणजे 14 किंवा 16 इंची बार घरच्या कामाला भरपूर होतो. अशा बारला 30 ते 45 सीसीचं इंजिन पुरतं. उदाहरणार्थ, स्टील कंपनीचं एमएस 180 हे घरगुती कामाचं मॉडेल 31.8 सीसीचं आहे आणि बार-साखळी सोडून त्याचं वजन चार किलोच्या आसपास आहे.

पेट्रोल, लाईट की बॅटरी?

लाकूड घराजवळ आणून कापणार असाल तर लाईटवरची मशीन चांगली. ती हलकी असते, आवाज कमी करते, तिला ऑइल मिसळायची कटकट नाही आणि ती बटण दाबताच चालू होते. 2000 वॅटची मशीन पूर्ण लोडवर तासभर चालली तर साधारण दोन युनिट जळतात. मात्र तिला 16 अँपिअरचा सॉकेट आणि चांगलं अर्थिंग लागतं. एक्स्टेन्शनची वायर बारीक असेल तर ती तापते, व्होल्टेज पडतं आणि मोटर जळते. 2.5 चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर वापरा, आणि वायर कायम पाठीमागे ठेवा, म्हणजे ती साखळीखाली येणार नाही. पावसात किंवा ओल्या जमिनीवर ही मशीन चालवू नका.

शेतात, बांधावर, लाईट नसलेल्या जागी काम असेल तर पेट्रोल मशीन घ्यावी लागते. बॅटरीवरच्या छोट्या मशीन छाटणीला आणि मनगटाएवढ्या फांद्यांना ठीक आहेत. ट्रॉलीभर ओंडके कापायला एक बॅटरी पुरत नाही.

दुकानात या गोष्टी तपासा

1. चेन ब्रेक. पुढच्या मुठीसमोर हाताला आडवा येणारा दांडा असतो. तो पुढे ढकलला की फिरती साखळी जागच्या जागी थांबली पाहिजे. मशीन चालू करून हे दाखवायला सांगा. ब्रेक नसलेली मशीन कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नका.
2. रेस सोडल्यावर साखळी. इंजिन चालू असलं तरी रेस सोडली की साखळी थांबायला हवी. ती फिरतच राहिली तर सेटिंग चुकीचं आहे.
3. रेसचं लॉक. मागच्या मुठीवरचं लॉक तळहाताने दाबल्याशिवाय रेस वाढता कामा नये.
4. वजन. पेट्रोल भरलेली मशीन दोन्ही हातांनी धरून पाच मिनिटं उभे राहा. हात भरून आले तर ती मशीन तुमच्यासाठी नाही.
5. स्पेअर आणि दुरुस्ती. साखळी, बार, स्पार्क प्लग, एअर फिल्टर तालुक्याच्या गावात मिळतात का? दुरुस्ती करणारा कोण? बिल आणि वॉरंटी कार्ड मिळणार का? ऑनलाइन स्वस्त घेतलेल्या मशीनचा पार्ट मिळाला नाही तर अख्खी मशीन भंगारात जाते.

ऑइल दोन प्रकारचं, गल्लत नको

पेट्रोल चेनसॉ बहुतेक टू-स्ट्रोक असतात. त्यांच्या पेट्रोलमध्ये टू-स्ट्रोक ऑइल मिसळावं लागतं. प्रमाण 50:1 असेल तर लिटरला 20 मिली, 25:1 असेल तर 40 मिली. कोणतं प्रमाण ते मशीनच्या पुस्तिकेत दिलेलं असतं, अंदाजाने ओतू नका. मोटरसायकलचं इंजिन ऑइल इथे चालत नाही. निव्वळ पेट्रोलवर मशीन चालवली तर थोड्याच वेळात इंजिन जाम होतं.

दुसरं ऑइल साखळीचं. त्याची टाकी वेगळी असते. पेट्रोल भरताना दर वेळी तेही भरा. ट्रॅक्टरचं काढलेलं काळं ऑइल टाकू नका, त्यातल्या कचऱ्याने पंप तुंबतो आणि बार झिजतो.

आता पंपावर इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. ते ओल धरतं. म्हणून मिश्रण लागेल तेवढंच बनवा. हंगाम संपला की टाकी रिकामी करा आणि मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा. यामुळे कार्बोरेटरमध्ये पेट्रोल साचून राहत नाही.

साखळीची धार

धारदार साखळी जाडसर कीस उडवते. पिठासारखा बारीक भुसा पडायला लागला की धार गेली असं समजा. तेव्हा मशीनवर जोर देऊ नका, गोल कानशीने धार लावा. कानस किती मिलिमीटरची हे साखळीनुसार ठरतं, म्हणून ती मशीनबरोबरच घ्या.

साखळी बोथट होते ती मुख्यतः मातीने आणि लोखंडाने. ओंडका थेट जमिनीवर ठेवून कापू नका, खाली दोन आडवी लाकडं घाला. बांधावरच्या झाडात जुनी काटेरी तार किंवा खिळे रुतलेले असतात, ते आधी बघा. बाभळीसारखं लाकूड ओलं असतानाच कापून ठेवलं तर मशीनला सोपं जातं आणि जळणही लवकर वाळतं.

उलटा झटका: सगळ्यात मोठा धोका

बारच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला लागला की मशीन क्षणात उसळून चालवणाऱ्याच्या तोंडाकडे येते. सावरायला वेळच मिळत नाही. म्हणून टोकाने कधी कापू नका. दोन्ही हातांनी धरा, डाव्या हाताचा अंगठा पुढच्या मुठीखालून घ्या आणि खांद्याच्या वर मशीन नेऊ नका. शिडीवर किंवा झाडावर चढून तर अजिबात नाही. पेट्रोल मशीन चालू करताना ती जमिनीवर ठेवा, मागच्या मुठीत पाय रोवा आणि मगच दोरी ओढा.

ओंडका दोन्ही टोकांना टेकलेला असेल तर आधी वरून एक तृतीयांश कापा, मग खालून. एकच बाजू टेकलेली असेल तर उलट, आधी खालून थोडं आणि मग वरून. नाहीतर लाकूड मिटतं आणि बार अडकतो.

गळ्यात उपरणं, सैल सदरा, धोतर किंवा लुंगी घालून मशीनला हात लावू नका. बूट, चष्मा, हेल्मेट हवंच. पेट्रोल मशीनचा आवाज शंभर डेसिबलच्या पुढे जातो, त्यामुळे कानाला संरक्षण लागतं. पायाला लावायचं खास जाड आवरणही मिळतं. त्यातले धागे साखळीत गुंततात आणि ती थांबते. लेकरं आणि जनावरं लांब ठेवा. एकट्याने रानात जाऊन कापू नका. जखम झालीच तर स्वच्छ कापडाने घट्ट दाबून धरा आणि 108 ला फोन लावा.

मशीन आपली, पण झाड?

स्वतःच्या शेतातलं झाड असलं तरी ते तोडायची मुभा असतेच असं नाही. महाराष्ट्र वृक्षतोड विनियमन कायदा, 1964 च्या अनुसूचीत साग, आंबा, फणस, चिंच, जांभूळ, मोह, हिरडा, खैर, चंदन, ऐन, किंजळ, अंजन अशी झाडं आहेत. ती तोडायला लेखी परवानगी लागते. अर्ज कुठे करायचा ते तलाठी किंवा वनरक्षकाकडून समजून घ्या. वनहद्दीत बेकायदा तोड करताना सापडलात तर लाकडाबरोबर मशीन आणि वाहनही जप्त होऊ शकतं.

थोडक्यात, लाकडाच्या जाडीपुरता बार, हाताला पेलेल एवढं वजन, चालणारा चेन ब्रेक आणि तालुक्यात मिळणारे पार्ट. या चार गोष्टी जुळल्या की मग सीसी आणि किंमत बघा. आणि पैसे देताना बूट, चष्मा, हेल्मेटचे पैसे त्याच हिशेबात धरा.